चहा गार व्हायच्या आत संपलेला गेम

'सामोरोस्ट' परवा पुन्हा खेळलो. चहा गार व्हायच्या आत संपला. आठवणीत मात्र हाच गेम महिनाभर पुरला होता.

२००६च्या सुमाराची गोष्ट. सांगलीत विश्रामबागेला एका बोळात नेट कॅफे होतं. तासाला पंधरा रुपये, आणि लोडशेडिंग झालं तर गेलेली मिनिटं आपली. तेव्हाच्या माउसच्या पोटातली गोळी काढून आतल्या चाकांवरचा मळ नखानं खरवडायचा, मगच खेळ सुरू. पांढऱ्या टोपीतला एक बुटका दुर्बिणीतून आकाशात बघतो. दुसरा एक ग्रह थेट त्याच्या लाकडी घरावर आदळायला निघालेला असतो. त्याला वाचवायचं, बस्स. वाचायला एक अक्षर नाही.

ती अक्षरं नव्हती म्हणून तर गेम आमच्यापर्यंत पोचला, असं मला आता वाटतं. या जातीच्या, म्हणजे गोष्टीत शिरून कोडी सोडवायच्या खेळांची सुरुवातच मुळी शब्दांची. १९८४च्या 'किंग्ज क्वेस्ट'मध्ये चित्र दिसायचं, पण दार उघडायचं तर तसं इंग्रजीत टाइप करावं लागे. १९८७च्या 'मॅनिॲक मॅन्शन'नं टायपिंग काढलं आणि पडद्याखाली क्रियापदंच मांडून ठेवली: उघड, ढकल, ओढ. आधी क्रियापद निवडा, मग वस्तू. १९९३च्या 'मिस्ट'मध्ये क्रियापदंही गेली, पण गोष्ट कळायला वह्यापुस्तकं वाचावी लागत, शिवाय सीडी हवी. मराठी शाळेतल्या सातवीच्या पोरांना हे झेपणार होतं होय?

'सामोरोस्ट' २००३चा. याकूब द्वोर्स्कीनं प्राग इथल्या कला अकादमीत शिकताना पदवीचा प्रकल्प म्हणून तो केला. चेक भाषेत सामोरोस्ट म्हणजे प्राण्यासारखं दिसणारं वेडंवाकडं मूळ किंवा लाकडाचा तुकडा. गेम फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं नि खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असल्यानं इन्स्टॉल करायची भानगड नव्हती. ब्राउझरमध्ये उघडला की झालं. कॅफेवाल्या काकांना कळायचंही नाही. द्वोर्स्कीच्याच मंडळींचा २००९चा 'मशिनेरियम'सुद्धा संवादांशिवायच चालतो. यंत्रमानवांच्या डोक्यावरच्या फुग्यातली चित्रंच बोलतात.

पुढं स्मार्टफोन आले. आयफोननं फ्लॅशला कधी दारात उभं केलं नाही, सुरक्षेच्या तक्रारी होत्याच, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशवाल्या अडोबी कंपनीनं त्याचा पाठिंबा थांबवला. असे हजारो खेळ मग मुके झाले. आमचा जुना पीसी तर त्याआधीच, २०१९च्या पुरात गेला होता. 'सामोरोस्ट' मात्र २०२१मध्ये नव्यानं बांधून फुकट दिला गेला. मी खेळलो तो हाच.

खरं तर कोडी तेव्हाही अवघड नव्हती. पडद्यावर माउस फिरवायचा, बाणाचा हात झाला की क्लिक करायचं. पण त्या मळक्या गोळीवर बाण उड्या मारायचा, हात क्षणभर दिसायचा आणि गायब. शेजारच्या खुर्चीतला मित्र ओरडायचा, "अरे हितंच होता की!" मग तिथंच दहा मिनिटं, म्हणजे अडीच रुपये. परवा हात पहिल्याच फेरीत सापडला.