अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील गणित

अर्थशास्त्राची पदवी, पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडी करताना कलन (कॅल्क्युलस), रेषीय बीजगणित (लिनियर अल्जेब्रा), संख्याशास्त्र आणि वरच्या टप्प्यावर वास्तव विश्लेषण (रिअल अ‍ॅनालिसिस) एवढे गणित लागते. हा विषय कुठे कला शाखेत शिकवतात, कुठे विज्ञान शाखेत, तर कुठे वाणिज्य किंवा व्यवस्थापनाच्या जोडीने. त्यामुळे एकाच नावाच्या दोन पदव्यांत गणिताचे प्रमाण फार वेगळे असू शकते. पदवीच्या नावावरून त्याचा अंदाज बांधू नये, विषयांची यादीच पाहावी.

पहिल्या वर्षी गणित असते, पण आकृत्यांच्या आड. मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढायच्या, कुठे छेदतात ते पाहायचे, काम झाले. मात्र ‘सीमान्त’ हा शब्द आला की कलन आलेच. आणखी एक नग काढला तर एकूण खर्च कितीने वाढेल, म्हणजे सीमान्त खर्च. गणितात तो खर्चाच्या फलाचा (फंक्शनचा) विकलज, म्हणजे बदलाचा दर. नफा सर्वाधिक कधी, तर सीमान्त प्राप्ती (आणखी एका नगाची मिळकत) आणि सीमान्त खर्च सारखे झाले की, हा पाठ केलेला नियम म्हणजे नफ्याचा ‘विकलज शून्य’ एवढेच.

दुसऱ्या वर्षाच्या सूक्ष्म अर्थशास्त्रात पडदा दूर होतो. समजा ग्राहकाकडे १०० नाणी आहेत. एका वस्तूचा दर २, दुसरीचा ५. दोन्ही वस्तूंच्या नगांचा गुणाकार हीच त्याची उपयोगिता, म्हणजे त्याला मिळणारे समाधान, मानू. आकृतीत समवृत्ती वक्र (सारखीच उपयोगिता देणाऱ्या जोड्यांचा) अंदाजपत्रक रेषेला (सगळे पैसे खर्चून घेता येणाऱ्या जोड्यांच्या) जिथे स्पर्श करतो, तो बिंदू शोधायचा. लाग्रांजच्या गुणकाने, म्हणजे बंधन पाळून कमाल किंमत शोधण्याच्या कलनातील रीतीने, सोडवले तर उत्तर येते २५ आणि १० नग, उपयोगिता २५०. इथवर आकृतीनेही पोहोचता येते. पण या रीतीत गुणकाची किंमतही हाती येते: ५. तिचा अर्थ असा की खिशात आणखी एक नाणे आले तर उपयोगिता साधारण ५ ने वाढेल. १०१ नाणी घेऊन पडताळा केला तर ती २५५.०२५ भरते. उत्तरासोबत पैशाची सीमान्त उपयोगिता आयती मिळाली; आकृतीत ती दिसत नाही. ‘आकृतीने भागते, मग कलन कशाला’ या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाला हे बरे उत्तर आहे.

रेषीय बीजगणित दोन वाटांनी येते. एक वाट अर्थशास्त्रज्ञ लिओन्टिएफच्या आदान-प्रदान कोष्टकांची: एका उद्योगाचे उत्पादन दुसऱ्याचा कच्चा माल असते, म्हणून सगळ्यांचा हिशेब एकत्र मांडायला मॅट्रिक्स (ओळी-स्तंभांत मांडलेले आकडे) आणि तिचा व्यस्त (इन्व्हर्स) लागतो. दुसरी अर्थमितीची, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याच्या शाखेची; तिथे संख्याशास्त्रही लागते. संभाव्यता आणि अनुमानाचा पाया कच्चा राहिला की रिग्रेशन (एका राशीचा दुसरीशी संबंध आकड्यांवरून काढणे) म्हणजे सॉफ्टवेअरमधले बटण दाबणे एवढेच उरते. आकडे येतात, ते कशाचे आहेत हे कळत नाही. नोकरीत प्रत्यक्ष उपयोगी पडते ते बहुधा हेच गणित, तरी विद्यार्थी धसका घेतात तो कलनाचा.

खरी उडी पीएचडीच्या उंबरठ्यावर असते. पदवीच्या वर्गात संच, अभिसरण, संततता यांच्या सिद्धतांशी, म्हणजे वास्तव विश्लेषणाशी, क्वचितच गाठ पडते, पण पीएचडीच्या पहिल्या वर्षाचे सिद्धांताचे पेपर त्याच भाषेत लिहिलेले असतात. समतोल कुठे आहे हे शोधण्याआधी तो अस्तित्वात आहे का, हे सिद्ध करावे लागते. गणितज्ञ नॅशने १९५० साली खेळ-सिद्धांतातील समतोलासाठी काकुतानीचे स्थिरबिंदू प्रमेय (काही अटींत स्वतःवरच जाणारा बिंदू असतोच, हे सांगणारे) वापरले. ही दरी बुजवायला अनेक विद्यापीठे सत्र सुरू होण्याआधी काही आठवड्यांचा ‘मॅथ कॅम्प’ घेतात. अर्थशास्त्र फारसे न शिकलेला गणिताचा पदवीधर इथे सहज रुळतो. उलटी वाट मात्र अवघड.

विषय आधीपासून असा गणिती नव्हता. फ्रेंच विद्वान कूर्नोने १८३८ मध्ये मागणी फलाच्या रूपात मांडली, तेव्हा तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. सर्वसाधारण समतोलाची (सगळ्या बाजारांच्या एकत्रित समतोलाची) समीकरणे १८७४ पासून प्रसिद्ध करणारा फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ वालरास तरुणपणी गणितात कमी पडल्यामुळे पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी संस्थेच्या प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाला होता. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ मार्शल स्वतः केंब्रिजच्या गणित परीक्षेत दुसरा आलेला. तरी १८९० च्या आपल्या ग्रंथात त्याने समीकरणे परिशिष्टात ढकलली. १९०६ च्या एका पत्रात त्याने सल्ला दिला की गणित लघुलिपीसारखे वापरावे, मग निष्कर्ष साध्या इंग्रजीत उतरवून गणित जाळून टाकावे. वारा फिरला तो नंतर. १९३० साली अर्थमितीला वाहिलेली इकॉनोमेट्रिक सोसायटी स्थापन झाली, १९४७ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सॅम्युएलसनचा गणिती ‘फाउंडेशन्स’ हा ग्रंथ आला, आणि पुढच्या पिढीची पाठ्यपुस्तके त्याच वळणावर गेली.

तक्रारी थांबलेल्या नाहीत. २००० साली फ्रान्समधील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जाहीर पत्रक काढून गणित हेच साध्य होऊन बसल्याबद्दल निषेध नोंदवला. २०१५ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल रोमरने ‘मॅथिनेस’ हा शब्द वापरला. त्याचा रोख गणितावर नव्हता. समीकरणातील चिन्हे आणि त्यांना शब्दांत दिलेला अर्थ यांचा सांधा मुद्दाम सैल ठेवला जातो, त्यावर होता.