ग्रुप-स्क्रीन आणि क्रॉसमॅच: खुबा बदलण्याआधी रक्तपेढीकडे नेमकं काय मागितलंय?

खुबा बदलायचं ठरलं की भरतीच्या दिवशी नातेवाइकांच्या हातात एक फॉर्म आणि रक्ताची छोटी नळी येते. 'रक्तपेढीत नेऊन द्या', एवढंच सांगितलं जातं. फॉर्मवर कधी 'ग्रुप अँड स्क्रीन' असतं, कधी '२ पीसीव्ही क्रॉसमॅच करून राखून ठेवा' (पीसीव्ही किंवा पॅक्ड सेल म्हणजे बराचसा प्लाझ्मा काढलेल्या लाल पेशींची पिशवी). घरी मात्र दोन्ही वेळा एकच निरोप पोचतो, 'दोन बाटल्या लागणार आहेत', आणि रक्तदाते शोधायला फोनाफोनी सुरू होते. या दोन तपासण्या वेगळ्या आहेत, आणि दोन्हींपैकी एकीचाही अर्थ 'रक्त चढवणार' असा नाही.

ग्रुप-स्क्रीनमध्ये तपासतात फक्त रुग्णाला. कुठलीही पिशवी अजून समोर आलेली नसते. आधी रक्तगट दोन बाजूंनी पाहतात: रुग्णाच्या लाल पेशी अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-डी या गट ओळखणाऱ्या द्रावणांबरोबर, आणि त्याचा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) माहीत असलेल्या ए आणि बी पेशींबरोबर. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट लिहायचा. मग स्क्रीन. रुग्णाचा प्लाझ्मा ओ गटाच्या दोन-तीन निवडक पेशींबरोबर जेल कार्डात घालतात, ३७ अंशांवर साधारण १५ मिनिटं ठेवतात आणि यंत्रात फिरवतात. कार्डातल्या बारीक नळीच्या तळाशी लाल ठिपका बसला, तर त्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारं प्रथिन, सापडली नाही: स्क्रीन निगेटिव्ह. पेशी जेलच्या वरच अडकून लाल पट्टा दिसला, तर प्लाझ्मात अशी अँटीबॉडी आहे जी ए, बी, ओ या गटांच्या पलीकडची आहे: स्क्रीन पॉझिटिव्ह.

ही अँटीबॉडी बहुधा आधी चढवलेल्या रक्तामुळे किंवा बाळंतपणामुळे तयार झालेली असते. खुबा बदलायला येणाऱ्यांत तीन-चार बाळंतपणं झालेल्या आज्या पुष्कळ असतात, त्यामुळे 'आईचा ग्रुप आम्हाला माहीत आहे, कशाला तपासता?' हा प्रश्न इथे लागू पडत नाही. ग्रुप माहीत असणं आणि अँटीबॉडी नसणं यांचा एकमेकांशी संबंध नाही.

सर्वात ठळक उदाहरण आपल्याच मुंबईचं. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या बॉम्बे रक्तगटाच्या माणसाच्या पेशी तपासल्या, तर गट ओ दिसतो. पण त्याच्या प्लाझ्मात ओ पेशींवरच्या एच या खुणेविरुद्धची अँटीबॉडी, अँटी-एच, असते आणि ओ गटाचं रक्तही त्याला चालत नाही. स्क्रीन लावली की ओ गटाच्या सगळ्या पेशी एकदम अडकतात आणि तिथेच शंका येते. अशा रुग्णाला बॉम्बे गटाचाच दाता लागतो. तो ऑपरेशनच्या सकाळी सापडत नाही.

क्रॉसमॅचमध्ये रुग्ण आणि एक ठरावीक पिशवी समोरासमोर आणतात. पिशवीच्या नळीचे मोहरबंद तुकडे तिलाच लटकलेले असतात. त्यातला एक कापून दात्याच्या पेशी घेतात आणि रुग्णाच्या प्लाझ्माशी ३७ अंशांवर, कूम्ब्सच्या पायरीपर्यंत (पेशींना चिकटलेली अँटीबॉडी उघड करणारी चाचणी) जुळवून पाहतात. याला पाऊण ते एक तास धरावा. जुळलं की रुग्णाच्या नावाची चिठ्ठी पिशवीला बांधून ती वेगळ्या कप्प्यात जाते, आणि तिथून पुढे दोन-तीन दिवस ती दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

सवयीने 'दोन क्रॉसमॅच' लिहिण्यात अडचण आहे ती इथेच. पॅक्ड सेलची पिशवी पेशी ठेवण्याच्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकते. न वापरता तीन-चार वेळा अडकून राहिली, तर तिचं आयुष्य कप्प्यातच सरतं, आणि त्याच वेळी बाजूच्या वॉर्डातल्या बाळंतिणीसाठी रक्त शोधलं जात असतं. क्रॉसमॅच केलेल्या पिशव्यांची संख्या चढवलेल्यांच्या अडीच पटीवर गेली, तर मागणी वाजवीपेक्षा जास्त होतेय असं रक्तपेढ्या धरतात.

मग खुब्यासाठी काय मागावं? पहिल्यांदाच खुबा बदलताना हिमोग्लोबिन साधारण ३ ग्रॅमने उतरतं. टेबलावर दिसतं त्याखेरीज बरंच रक्त मांडीच्या स्नायूंत झिरपतं, म्हणून सर्वात कमी आकडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. १३ वरून सुरुवात केलेला रुग्ण १० वर थांबतो, १०.५ वरून सुरुवात केलेला साडेसातवर. चीर देण्याआधी १ ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड शिरेतून दिलं की रक्तस्राव आणखी घटतो. त्यामुळे हिमोग्लोबिन चांगलं असेल, स्क्रीन निगेटिव्ह असेल आणि रक्तपेढी त्याच इमारतीत चोवीस तास चालू असेल, तर ग्रुप-स्क्रीन पुरते. गरज पडलीच तर गट जुळतो का एवढं पाहणारं झटपट क्रॉसमॅच पाच-दहा मिनिटांत होतं.

पिशव्या आधी क्रॉसमॅच करून ठेवाव्यात त्या स्क्रीन पॉझिटिव्ह आल्यावर, जुना कृत्रिम सांधा काढून नवा बसवताना, हिमोग्लोबिन आधीच कमी असताना, किंवा रक्तपेढी गावाच्या दुसऱ्या टोकाला असताना. आरएच-निगेटिव्ह गटाच्या रुग्णासाठीही आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आणखी एक खाचखळगा: बऱ्याच लहान रक्तपेढ्यांत अँटीबॉडी स्क्रीन होतच नाही. तिथे 'ग्रुप अँड स्क्रीन' लिहून पाठवलं तर उत्तर फक्त गटाचं येतं आणि डॉक्टर मात्र स्क्रीन झाली असं समजून चालतात. फॉर्म देतानाच विचारावं, 'स्क्रीन इथे होते का?' होत नसेल, तर पूर्ण क्रॉसमॅचच मागावं.

एका चुकीपुढे मात्र क्रॉसमॅचही हतबल आहे. बेड ४ च्या रुग्णाचं रक्त काढलं आणि नर्सिंग स्टेशनवर येऊन नळीवर बेड ५ चं नाव लिहिलं, तर पिशवी त्या नळीशी अगदी बरोबर जुळते, आणि चुकीच्या माणसाला चढते. लेबल बेडपाशीच, रुग्णाला नाव विचारून, रक्त काढल्या काढल्या लिहायला हवं. गटाची खात्री वेगळ्या वेळी काढलेल्या दुसऱ्या नमुन्यावरून करावी. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढलं असेल किंवा गरोदरपण असेल, तर नमुना तीन दिवसांपुरताच ग्राह्य.

पिशवी राखलेली आहे म्हणून ती चढवायची, हे तर अजिबात नको. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फोकस चाचणीत खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेले, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेले २०१६ रुग्ण होते. हिमोग्लोबिन १० च्या खाली आलं की रक्त देणं आणि ८ च्या खाली किंवा त्रास दिसला तरच देणं, यांत ६० दिवसांनंतरच्या मृत्यूत किंवा चालता येण्यात फरक पडला नाही. म्हणून स्थिर रुग्णाला ८ ची रेषा, आणि छातीत दुखणं, उभं राहताच घेरी, न उतरणारी धडधड असेल तर वेगळा विचार. एक पिशवी द्यायची, साधारण १ ग्रॅम वाढ धरायची, पुन्हा तपासायचं, मगच दुसरी. रक्त चालू असलेल्या नळीतून दुसरं काही द्यायचं तर फक्त सलाइन. रिंगर लॅक्टेट नाही, डेक्स्ट्रोज नाही. पहिली १५ मिनिटं कोणीतरी बाजूला थांबलेलं हवं, आणि फ्रिजमधून निघालेली पिशवी चार तासांत संपायला हवी.

स्क्रीन पॉझिटिव्ह आली, तर त्या अँटीबॉडीचं नाव लिहून घ्या आणि तो कागद आधार कार्डाइतका जपा. किड या ए-बी-ओ पलीकडच्या रक्तगटाविरुद्धच्या अँटीबॉडी काही महिन्यांत इतक्या विरळ होतात की पुढची स्क्रीन निगेटिव्ह येऊ शकते. पुन्हा तेच रक्त चढलं की त्या उसळतात आणि आठवडाभराने कावीळ होऊन हिमोग्लोबिन कोसळतं. पाच वर्षांनी दुसरा खुबा बदलताना जुना कागद रक्तपेढीला दाखवला, तरच हे टळतं.