जिराफाचं बीपी आणि तळमजल्याचे हाल

1733 साली स्टीफन हेल्स नावाच्या एका इंग्लिश पाद्रीबाबांनी रक्तावरच्या प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यातला घोडीचा प्रयोग वाचताना अंगावर काटाच येतो. डिसेंबरचे दिवस, 14 वर्षांची घोडी, जिवंतच उताणी बांधून टाकलेली, मांडीतली धमनी उघडून त्यात पितळेची बारीक नळी घातली आणि तिला 9 फूट लांब काचेची नळी उभी जोडली. धमनीवरची गाठ सोडल्यावर रक्त चढत चढत हृदयाच्या पातळीच्या वर 8 फूट 3 इंचांपर्यंत गेलं. प्राण्याचं बीपी असं थेट मोजल्याची ही पहिली नोंद समजतात. आजच्या मापात ते 190 च्या आसपास येतं, घोडीसाठी जास्तच आहे, पण तशा अवस्थेत वाढणारच ना, आपलं तर डॉक्टरांनी दंडाला नुसता पट्टा गुंडाळला तरी वर जातं.

आता जिराफाकडे बघा, हा प्राणी हेल्सची ती नळी जन्मभर खांद्यावर घेऊनच फिरतो. रक्ताचा 1 मीटर उंच स्तंभ तोलून धरायला साधारण 77 मिमी पारा एवढा दाब लागतो. जिराफाचं डोकं हृदयापासून जवळपास 2 मीटर वर, म्हणजे दीडशे तर नुसत्या चढणीतच गेले आणि वर मेंदूला पोचल्यावर हातात काहीतरी उरायला पाहिजे, म्हणून हृदयापाशी सरासरी दाब 200 च्या पुढे ठेवावा लागतो, आपल्या दुप्पट. आपल्यात एवढं निघालं तर घरचे रिक्षात घालून दवाखान्यात नेतील. बरं, यासाठी हृदय अवाढव्य असेल असं पूर्वी वाटायचं, पण तसं नाहीये, वजनाच्या मानाने ते बाकी सस्तन प्राण्यांसारखंच, शरीराच्या अर्धा टक्का वगैरे. फक्त डाव्या कप्प्याची भिंत जाडजूड आणि आतली खोली लहान, त्यामुळे एका ठोक्याला रक्त कमी जातं पण जोरात जातं.

जिराफाचं नाव निघालं की सगळे मेंदूबद्दलच बोलतात, मला मात्र पायांचं जास्त कौतुक आहे. सोसायटीत गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर लावली की वरचा मजला खूश, पण सगळा लोड येतो खालच्या पाइपांवर, गळती तिथेच व्हायची. जिराफाचं हृदय जमिनीपासून 2 मीटरच्या आसपास उंच, म्हणजे वरच्या 200 मध्ये खाली जाताना अजून दीडशेची भर, हिशेबाने खुरापाशी साडेतीनशे. एवढ्या दाबाने रक्तातलं पाणी झिरपून पाय हत्तीसारखे व्हायला हवेत. होत नाहीत, कारण एकतर पायाची कातडी प्रचंड घट्ट, खाली पाणी साठायला जागाच देत नाही. माझ्या आईचे पाय सुजतात म्हणून डॉक्टरांनी दिलेले टाइट मोजे तिला चढवायला दहा मिनिटं लागतात आणि दुपारपर्यंत ती वैतागून काढून टाकते, जिराफाला ती सोय नाही 😄 शिवाय डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की पुढच्या पायाची मुख्य धमनी कोपराखाली एकदम अरुंद होते, तिथे तिची भिंत जाड आणि मज्जातंतूंचं जाळं दाट, म्हणजे नळाची चावी बसवल्यासारखं, खालचा प्रवाह तिथेच आवळता येतो.

आणि पाणी पिताना काय? पुढचे पाय फाकवून डोकं थेट जमिनीपर्यंत, मग वर घेतलं की चक्कर येऊन पडायला हवं, आपल्याला उकिडवं बसून पटकन उठलं तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. भूल दिलेल्या जिराफांचं डोकं खालीवर करून मोजमाप घेतलं तेव्हा एक गंमत दिसली. डोकं खाली गेलं की मानेतल्या मोठ्या शिरांमध्ये लिटरभराहून जास्त रक्त साचतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि बीपी आपोआपच उतरतं. डोकं वर आलं की ते साठलेलं रक्त एकदम हृदयात येतं, पुढचा ठोका जोरात बसतो आणि मेंदूची सोय होते. म्हणजे शीर इथे चक्क टाकीचं काम करते.

पण एवढं बीपी असून किडनी, हार्ट टिकतं कसं, हा प्रश्न उरतोच, आपल्याकडे बीपीवाल्यांचं पहिलं नुकसान तिथेच होतं. जिराफाच्या जीन्समध्ये एफजीएफआरएल1 नावाचा एक जीन बराच बदललेला सापडला, तर 2021 मध्ये चीन आणि डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी तोच बदल उंदरांमध्ये घातला आणि औषध देऊन बीपी चढवायचा प्रयत्न केला. साध्या उंदरांच्या हार्टचं, किडनीचं जेवढं नुकसान झालं त्यापेक्षा या उंदरांचं बरंच कमी झालं, आणि वर हाडंही जास्त भरीव निघाली. मान मात्र उंदराएवढीच राहिली.