टास्मानियन डेव्हिलची गाठ आणि गायब झालेलं प्रथिन

टास्मानियन डेव्हिल हा ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचा मांसाहारी प्राणी. त्याच्या तोंडावरच्या कर्करोगाच्या गाठींचा पहिला फोटो १९९६चा, बेटाच्या ईशान्य टोकाचा. आधी संशय विषाणूवर होता. २००६मध्ये गुणसूत्रं मोजली गेली: डेव्हिलच्या पेशीत १४, गाठीत १३, आणि निरनिराळ्या जनावरांच्या गाठींत ती अगदी एकसारखी विस्कटलेली. म्हणजे डेव्हिल एकमेकांना चावताना पसरत होती ती गाठीची जिवंत पेशीच.

म्हणूनच ‘संसर्गजन्य कर्करोग’ हा शब्द इथे जपून वाचावा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पसरतो तो विषाणू. कर्करोग होतो तो त्या बाईच्या स्वतःच्या पेशींना. इथे मात्र पेशीच रोगजंतू आहे. ज्या मादीत ती उपजली ती कधीच मेली, पण तिच्या पेशी आजही एका जबड्यातून दुसऱ्या जबड्यात चालल्या आहेत.

मग परक्या पेशीला शरीर हाकलून का देत नाही? २००७चं उत्तर असं होतं, की डेव्हिल एकमेकांशी इतके मिळतेजुळते की त्यांना परकं ओळखताच येत नाही. हे उत्तर लोकप्रिय झालं आणि त्याने नुकसानही केलं. प्राण्याच्या रक्तातच खोट आहे म्हटलं की वाचवण्याची उमेदच खचते. पुढे एका डेव्हिलची कातडी दुसऱ्याला लावून पाहिली, तर ती साफ नाकारली गेली. ओळख शाबूत होती! २०१३मध्ये उलगडा झाला. पेशीची ओळख पटवणारं एमएचसी वर्ग-१ हे प्रथिन गाठीच्या पेशींवर जवळपास नव्हतंच. त्याची जनुकं मोडली नव्हती, नुसती बंद होती. प्रयोगशाळेत इंटरफेरॉन-गॅमा (प्रतिकारशक्तीचं एक संदेशवाहक प्रथिन) घातल्यावर प्रथिन पुन्हा पेशीवर आलं. लशीची सगळी आशा तिथून सुरू होते. २०१७मध्ये हे प्रथिन परत आणलेल्या गाठीच्या पेशी टोचल्यावर काही डेव्हिलांच्या गाठी विरघळल्याही.

त्याआधीच पेरिअ‍ॅक्सिन या प्रथिनावरून गाठीचं मूळ मज्जातंतूंभोवती वेढा घालणाऱ्या ‘श्वान’ (Schwann; कुत्र्याशी संबंध नाही) पेशींत सापडलं होतं. निदानासाठी आजही तेच रंगवून पाहतात. २०१४मध्ये आग्नेयेला दुसराच कर्करोग आढळला, तो एका नराच्या पेशींतून आलेला. त्याच्या पेशींवर मात्र एमएचसी दिसतं.

रानात पकडलेला डेव्हिल गोणपाटाच्या पिशवीत धरतात, तोंड तेवढं बाहेर काढून गाठी चाचपतात. हाताला गाठ लागेपर्यंत उशीर झालेला असतो. २०२१मध्ये पेशींनी रक्तात सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत कॅथेलिसिडिन-३ हे प्रथिन वाढलेलं सापडलं, गाठ दिसण्याच्या तीन ते सहा महिने आधी.