दोन गल्ल्या पलीकडचा बेस

गणपती विसर्जनाच्या रात्री सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या घरी गाणं पोचत नाही, गाण्याचा फक्त तळ पोचतो. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते. लेझमीची झणझण, गायिकेचा आवाज, शब्द, सगळं मधल्या भिंतींवर आपटून विरतं. येतं ते नुसतं धम्, धम्-धम्. मांडणीतल्या वाट्या त्यावर थरथरतात. (डीजेबद्दलचं माझं मत इथे लिहीत नाही, गल्लीत राहायचंय.)

गेल्या वर्षी माझा भाचा गच्चीवर बसून त्या धमधमीवरून गाणी ओळखत होता, आणि बऱ्यापैकी ओळखत होता. दुसऱ्या दिवशी मांडीवर जुनी घेतलेली बेस गिटार, समोर मोबाइल, आणि त्यातलंच एक गाणं. पाच मिनिटांत वैतागला. "मामा, ह्यात बेसच नाही की ओ!"

तक्रार खरी होती. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, म्हणजे 41 हर्ट्झ. पुढच्या तीन तारा 55, 73 आणि 98 हर्ट्झच्या. माणसाचा कान साधारण 20 हर्ट्झपासून ऐकतो, म्हणजे ही जाड तार आपल्या श्रवणाच्या उंबरठ्याशीच उभी आहे. 41 हर्ट्झच्या एका लाटेची लांबी हवेत आठ मीटरच्या वर भरते. एवढी लाट गल्लीचा कोपरा सहज वळते, म्हणून ती घरापर्यंत येते. बारीक आवाज कोपऱ्यावरच राहतात. पण एवढी लाट उठवायची तर भरपूर हवा हलवावी लागते. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला ते जमणार कसं? तो 41 हर्ट्झ जवळजवळ सोडूनच देतो.

तरीही त्या मोबाइलवर चिकाटीने ऐकलं तर बेसची चाल सापडते. आणि जो सूर सापडतो तो 41 हर्ट्झचाच असतो, जो स्पीकरने वाजवलेलाच नाही.

कुठलीही तार एकच सूर देत नाही. 41 च्या जोडीला 82, 123, 164, 205 असे उपस्वर त्याच वेळी निघतात. मोबाइल यातले खालचे गाळतो, वरचे देतो. मेंदू त्या उरलेल्यांकडे बघतो आणि शाळेत आपण काढायचो तो मसावि काढतो. हे सगळे ज्या एका आकड्याच्या पटीत आहेत तो आकडा 41, म्हणजे मूळ सूर तोच असणार! साध्या टेलिफोनवर हे आपण कायम अनुभवलंय. जुनी फोनची लाइन 300 हर्ट्झच्या खालचं काही पुढे पाठवत नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, तो तिथे पोचतच नसे. तरी काकांचा फोन आला म्हणून त्यांचा आवाज काकूंसारखा बारीक झाला नाही.

हे पहिल्यांदा नीट टिपलं ते ऑगस्ट सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाने, 1841 मध्ये, आणि तेही चक्क भोंग्यावर. मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावलेल्या सोलापूरकरांना याचं कौतुक वाटायला हरकत नाही. भोकं पाडलेली चकती फिरवायची, तिच्यावर हवेचा झोत सोडायचा, सूर निघतो. भोकांमधली अंतरं बदलून सीबेकने असा आवाज काढला की त्यात मूळ सूर फार क्षीण होता. कानाला मात्र तोच ठळक ऐकू येत होता. विजेच्या रोधाच्या नियमाचा तो ओम, त्याने यावर मोठा वाद घातला आणि हा कानाचा भ्रम ठरवला. भ्रम म्हणा हवं तर, पण आपण रोज त्याच्यावरच ऐकतो.

याची उलटी बाजू आपल्याकडे मैफलीत बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. मिरजेचा चांगला तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. तिसरा उपस्वर पंचमाचा. भाच्याला मी पहिला धडा हाच दिला: मोकळी तार छेड, ती विझेपर्यंत दुसरं काही करू नको, आत पंचम शोध, मग गंधार शोध. दोन दिवस त्याला वाटलं मामा टाळतोय.

पण याच उपस्वरांमुळे नवशिक्याची फसगतही होते. तिसरा उपस्वर जोरकस असला तर कान षड्जाऐवजी पंचम धरून बसतो. कधी सूर बरोबर असतो आणि सप्तक चुकतं. भाच्याच्या पहिल्या महिन्यातल्या बहुतेक चुका या दोनच जातीच्या होत्या. त्यावर उपाय म्हणजे गाणं. 41 हर्ट्झ सहसा कुणाच्या गळ्यातून निघत नाही, म्हणून बेसची चाल एक-दोन सप्तकं वर गुणगुणायची. गळ्यात बसली की मगच तारेवर शोधायची. हात आधी गेला तर बोटं सवयीच्या पडद्यांवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर) जातात आणि कान गप्प राहतो.

आणखी एक अडचण आहे, तीत बिचाऱ्या कानाचा दोष नाही. मोकळी जाड तार आणि तिचा पहिला पडदा यांत फरक केवळ अडीच हर्ट्झचा. चार सप्तकं वर याच दोन सुरांत जवळपास 39 हर्ट्झचं अंतर पडतं. अडीच हर्ट्झचा फरक नुसत्या मूळ सुरावरून ओळखायचा तर कानाला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागेल, आणि वेगाच्या गाण्यात तेवढ्यात सूर बदलून गेलेला असतो. इथेही उपस्वरच धावून येतात, कारण दहाव्या उपस्वरात तोच फरक पंचवीस हर्ट्झचा होतो. म्हणून बेस ऐकताना खालची धमधम वाढवण्यापेक्षा मधल्या सुरांचा पट्टा मोकळा ठेवणं जास्त कामाचं. आवाज अगदी हळू ठेवूनही शिकू नये. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं की आवाज कमी केला की कानातून खालचे सूर सगळ्यांत आधी निसटतात.

मग एवढ्या निसटत्या सुराची गाण्यात गरजच काय? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. एक वरचा आणि एक खालचा असे दोन सूर एकत्र ऐकवायचे, आणि अधूनमधून त्यातला एक 50 मिलिसेकंद आधी वाजवायचा. खालचा सूर घाईत आला की मेंदूतली प्रतिक्रिया जास्त ठळक उमटली. वरच्या सुराची घाई मेंदूने तितकी मनावर घेतली नाही. चाल आपण वरच्या सुरांतून ऐकतो, वेळ खालच्यांतून मोजतो. बेस कुणाला 'ऐकू' येत नाही आणि पाय मात्र त्याच्यावरच हलतो, तो यामुळे.

आमच्या घरी याचा पुरावा म्हणजे माझे वडील. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या. मागाच्या खटखटीने कान जातो, पण सरसकट जात नाही. तो आधी 4000 हर्ट्झच्या आसपास जातो. स, श, फ यांची धार त्याच भागातली. त्यामुळे टीव्हीवर कोण काय बोललं हे आम्हाला ओरडून सांगावं लागतं. बेसचा मूळ सूर आणि त्याचे महत्त्वाचे उपस्वर मात्र हजाराच्या पुष्कळ खाली राहतात. तिथे त्यांचा कान अजून शाबूत आहे.

बेस गिटारला पोकळ पोट नसतं, ॲम्प्लिफायरशिवाय ती जेमतेम कुजबुजते. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून भाचा तिची मान लाकडी कपाटाला टेकवून वाजवतो. मग अख्खं कपाट बोलायला लागतं. परवा वडील त्याच कपाटाला पाठ लावून बसले होते. गाणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं, शब्द त्यांना कळत नव्हते.

भाच्याने तीनदा चाल वाजवली. वडील म्हणाले, "तिसऱ्यांदा लवकर उतरलास बघ."

त्याने मोबाइलवरचं रेकॉर्डिंग मागे नेऊन ऐकलं. उतरला होता.