ऑपरेशनआधी पाणी चालतं, मग चहा का नाही?

"रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको," ही सूचना ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी अजूनही बऱ्याच घरांत ऐकू येते. पेशंट सकाळी आठला तयार होऊन बसतो आणि त्याचा नंबर लागतो दुपारी दोनला. चौदा तास कोरडे! "मला संकष्टीची सवय आहे, काही होत नाही," असं म्हणणारे पुण्यात कमी नाहीत, पण संकष्टीला आपण दिवसभर पाणी पीत असतो.

उपाशी राहायला सांगण्यामागचं कारण मात्र पक्कं आहे. पूर्ण भूल दिली की खोकला येत नाही, गिळण्याची क्रिया थांबते आणि अन्ननलिका नि जठर यांच्यामधली झडप सैल पडते. अशा वेळी जठरातलं काही वर आलं, तर ते थेट फुप्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली याचा अभ्यास मांडला. ४४,०१६ बाळंतपणांपैकी ६६ स्त्रियांच्या बाबतीत असं घडलं होतं. दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्नाने श्वास कोंडून. बाकीच्यांपैकी अनेकींच्या फुप्फुसांना आम्लाने इजा केली होती.

पण जठर सगळ्याच पदार्थांना सारखा वेळ देत नाही. नुसतं पाणी झपाट्याने पुढे सरकतं, निम्मं तर साधारण पंधरा-वीस मिनिटांतच. घट्ट अन्न आधी घुसळून बारीक व्हावं लागतं. तेल-तूप लहान आतड्यात पोचलं की तिथून सुटणारी संप्रेरकं जठराला 'जरा दमानं' असा निरोप धाडतात. म्हणून सध्याचे नियम असे: पाणी आणि इतर पारदर्शक पेयं दोन तास आधीपर्यंत, हलकं खाणं सहा तास, तळलेलं-तुपकट आठ तास किंवा जास्त. अंगावरच्या दुधासाठी चार तास.

आता आपला खरा प्रश्न, चहा. कोरा चहा पारदर्शक पेयांत मोडतो. पण अमृततुल्यचा दाट, दुधाळ चहा नाही. जठरातल्या आम्लाने दूध फाटतं, त्याच्या गुठळ्या होतात आणि मग त्याची गणना हलक्या खाण्यात, म्हणजे सहा तासांच्या खात्यात होते. ताकही पारदर्शक नाही. गाळलेलं लिंबू सरबत चालतं. आणि पहाटे उठून केलेली साबुदाण्याची खिचडी 'फराळ' म्हणून खपवू नये: शेंगदाण्याचं कूट, तूप, म्हणजे सरळ आठ तासांची पंगत.

दोन तासांपर्यंत पाणी पिऊ देण्यात नुसती दया नाही. शरीर कोरडं पडलं की डोकं दुखतं, सलाइनसाठी शीर सापडत नाही आणि भूल देताना रक्तदाब घसरायची शक्यता वाढते. लांबलेल्या उपासाने इन्सुलिनचा परिणामही मंदावतो.

हे नियम धडधाकट माणसाच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी आहेत. बाळंतपणाच्या कळा, आतड्यातला अडथळा, बराच जुना मधुमेह यांत जठर आळसावतं. वजन कमी करण्यासाठी सध्या घेतली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंही ते रिकामं व्हायला उशीर लावतात. अशी औषधं चालू असतील तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगावं, ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे. शंका आली तर पोटाची सोनोग्राफी करून जठर रिकामं आहे का, हे पाहता येतं.

भूलतज्ज्ञाला भेटाल तेव्हा दोन गोष्टी विचारून घ्या: लिस्टमध्ये माझा नंबर कितवा, आणि बीपीची गोळी सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची का? बीपीच्या काही गोळ्या त्या दिवशी चालू ठेवतात, काही थांबवतात. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा हिशोब तर काही दिवस आधीपासूनच मांडावा लागतो. आणि चुकून चहा घेतलाच असेल, तर तो लपवू नका. फार तर ऑपरेशन काही तास पुढे ढकलतील.