जानेवारीतली आवराआवर: हे सगळं आलं कुठून

डिसेंबर संपायला आला की दरवर्षी तेच सुरू होतं. कपाट रिकामं करा, पर्स उपडी करा, फोनमधले फोटो उडवा, नवी डायरी घ्या, नवं मॉर्निंग रूटीन लावा, आणि आता हे सगळं ‘माइंडफुली’, म्हणजे पूर्ण लक्ष देऊन, करा. वर हेही सांगतात की ही हजारो वर्षांची परंपरा आहे. माझ्या मते यात जुनं फार थोडं आहे, बरंचसं गेल्या दोनशे वर्षांत दुकानदारांनी बसवलंय आणि उरलेलं गेल्या पंधरा वर्षांत स्क्रीनने.

जुनं काय ते आधी उरकून घेऊ. बॅबिलोनचे लोक नववर्षाला उसनी अवजारं परत करायचे हे वाक्य नेटवर सगळीकडे फिरतं, पण तिथल्या अकितु या नववर्षाच्या सणाच्या विधींचा जो मजकूर आज मिळतो तो देऊळ आणि राजा यांच्याबद्दल आहे. वर्षाच्या पाचव्या दिवशी मेंढा कापून त्याच्या धडाने देवाचा गाभारा पुसायचा, ते धड नदीत फेकायचं, आणि हे काम करणाऱ्या दोघांनी सण संपेपर्यंत गावाबाहेर राहायचं. मग पुजारी राजाचा मुकुट नि राजदंड काढून घ्यायचा, त्याच्या थोबाडीत मारायचा, मी काही पाप केलं नाही असं त्याच्याकडून वदवून घ्यायचा आणि सगळं सामान त्यालाच परत द्यायचा. म्हणजे वस्तू बदलायची नाही, काढून ठेवायची आणि हिशोब दिल्यावर तीच परत घ्यायची. मला तर आजच्या ‘जुनं टाका, नवं आणा’ पेक्षा हे जास्त विचारपूर्वक वाटतं, थोबाडीत सोडून. आणि हे सगळं वसंतात, जानेवारीत नाही.

जानेवारीचा मुद्दा लोक विसरतात. १ जानेवारी ही तारीख रोमन कारभाराची, इ.स.पू. १५३ पासून तिथले कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी, त्या दिवशी पदावर यायला लागले, स्पेनमधल्या लढाईसाठी लवकर निघता यावं म्हणून. घर आवरण्याशी तिचा काही संबंध नव्हता, इंग्लंडमध्ये तर १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आणि थंड देशात भर हिवाळ्यात घर उपसणार कोण? कोळशाची शेगडी रात्रंदिवस पेटलेली, खिडक्या बंद, आज पुसलं तर आठवड्यात परत काजळी. म्हणून मोठी सफाई थंडी सरल्यावर व्हायची. विधींचंही तसंच. लंडनमध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाने देवाशी केलेला करार सगळ्यांनी मिळून पुन्हा म्हणायचा एक विधी सुरू केला तो ११ ऑगस्ट १७५५ ला, आणि वर्षाच्या सुरुवातीला तो नंतर सरकला. एकेक गोष्ट अशी जानेवारीकडे ढकलली गेलीय.

आता दुकानं. १८१२ मध्ये लंडनच्या एका स्टेशनरीवाल्याने वर्षाच्या तारखा आधीच छापलेली डायरी विकायला काढली. ऐकायला साधी वाटते, पण बघा, स्वतःच्या वापरातली अशी वस्तू जी ३१ डिसेंबरला न फाटता, न झिजता निरुपयोगी होते, अर्धी कोरी असली तरी! नंतर १८७८ ला फिलाडेल्फियातल्या एका मोठ्या दुकानदाराने जानेवारीत चादरी-टॉवेल स्वस्तात काढले, कारण सणाची खरेदी संपल्यावर दुकान ओस पडायचं. चादरी तेव्हा पांढऱ्याच असायच्या म्हणून नाव पडलं ‘व्हाइट सेल’, इतरांनी उचललं, आणि नवं वर्ष म्हणजे पलंगावर नवी चादर हे डोक्यात बसलं. १९२० च्या दशकात एका अमेरिकन मोटार कंपनीने दरवर्षी नवं मॉडेल काढायचं धोरण घेतलं, गाडी चांगली चालत असली तरी मागच्या वर्षीची आहे हे दिसलं पाहिजे म्हणून. आजच्या फोनचं गणित तिथलंच.

मग दुसरं टोक आलं, घरात मावेना. २००१ ते २००५ मध्ये लॉस एंजलिसच्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरातली वस्तू न् वस्तू संशोधकांनी नोंदवली, बहुतेक गॅरेजमध्ये गाडीला जागाच नव्हती. याच प्रकल्पातून २०१० मध्ये पेपर आला की ज्या बायका स्वतःच्या घराचं वर्णन पसारा, अर्धवट कामं असं करत होत्या त्यांच्यात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची दिवसभरातली घसरण मंद होती, म्हणजे ताण उतरत नव्हता (पसाऱ्याने ताण की ताणामुळे पसारा हे त्यातून ठरत नाही, पण तो भाग पुढे कुणी फॉरवर्ड करत नाही). त्याच सुमारास जपानमध्ये योगातल्या कल्पनांवरून घेतलेलं एक सूत्र गाजलं, येणारं अडवा, असलेलं टाका, मोह सोडा. आणि २०११ ला जपानी लेखिका मारी कोंडोचं घर आवरण्यावरचं ते गाजलेलं पुस्तक आलं, वस्तू हातात घ्या, आनंद होतो का बघा, नसेल तर आभार मानून सोडा.

खरा वाद इथे आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण आजची सगळी जानेवारी त्यावर उभी आहे. त्या पद्धतीत आवरणं हे एकदाच करायचं काम आहे. लेखिका सांगते की एकदा मनापासून सगळं घर उपसा, कपडे, पुस्तकं, कागद, किरकोळ वस्तू आणि शेवटी आठवणींच्या वस्तू, या क्रमाने, आणि मग पुन्हा तशी वेळ येऊ नये. म्हणजे दरवर्षी करायचा विधी हा नाहीच! पण त्यावरची मालिका स्ट्रीमिंग कंपनीने नेमकी १ जानेवारी २०१९ ला सोडली. तेव्हा अमेरिकेत सरकारी कामकाज अर्धवट ठप्प होतं, बरेच कर्मचारी घरी बसलेले, आणि बघता बघता जुन्या वस्तूंच्या दुकानांसमोर पिशव्यांचे ढीग. एका तारखेने एकदाच करायच्या कामाचं वार्षिक कार्य करून टाकलं, आणि हा निर्णय पद्धतीचा नव्हता, प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाचा होता. मला तो चुकीचा वाटतो. कंपनीच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की लोक नाहीतरी जानेवारीतच अशा गोष्टी शोधतात.

त्याच महिन्यात पुस्तकांवरून भांडण झालं. घरात ३० च पुस्तकं ठेवा असं ती म्हणाली अशी बोंब उठली, वाचणारी मंडळी चवताळली, मीम्स झाले. प्रत्यक्षात ३० हा तिचा स्वतःचा आकडा होता, इतरांना घातलेली अट नव्हती. तरी राग समजण्यासारखा आहे, कारण न वाचलेलं पुस्तक हातात घेऊन आनंद होतो का हे विचारण्यात अर्थ नाही, ते अजून कळायचंच असतं. आणि मग नोव्हेंबर २०१९, तिच्या नावाने ऑनलाइन दुकान सुरू झालं. जिने जगाला घरं रिकामी करायला लावली तीच आता ट्यूनिंग फोर्क आणि स्फटिक विकतेय म्हणून लोक तुटून पडले. बचाव असा होता की तुम्ही घरात काय वापरता हे लोकच विचारत होते, आणि मूळ सांगणं टाकण्याचं नव्हतं, निवडण्याचं होतं. तर्क म्हणून हे बरोबर आहे, पुस्तक नीट वाचलं तर सापडतं. पण ज्यांनी त्याच जानेवारीत बॅगा भरभरून दिल्या त्यांना दहा महिन्यांत रिकाम्या फळीसाठी माल दाखवणं म्हणजे १८७८ चीच गोष्ट, फक्त चादरीच्या जागी स्फटिक. पुढे जानेवारी २०२३ मध्ये तिनेच सांगितलं की तिसऱ्या मुलानंतर घर पूर्वीसारखं आवरलेलं नसतं आणि वेळ मुलांना द्यायचाय, तर त्यावरही लोक हसले. उगाच हसले, तिच्या सगळ्या निर्णयांत मला तो सगळ्यात सरळ वाटला.

‘माइंडफुल’ हे या भानगडीत उशिरा घुसलं. त्याचा आधुनिक दवाखानी अवतार १९७९ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या एका मेडिकल कॉलेजचा, जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी आठ आठवड्यांचा कोर्स. त्यात एकच बेदाणा घेऊन तो पहिल्यांदाच बघतोय असं निरखायचा एक सराव असतो. वस्तूकडे लक्ष द्या एवढंच, ठेवा की टाका हा प्रश्नच त्यात नाही, तो नंतर चिकटवला.

रूटीनच्या बाबतीत, म्हणजे नवी सवय लागायला किती दिवस लागतात यावर, दोन आकडे कायम फेकले जातात, २१ आणि ६६. २१ दिवस हा १९६० च्या एका प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकातून आला, पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तेवढे दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण होतं, ‘किमान’ वाटेत गळून पडलं. ६६ हा लंडनच्या अभ्यासातला, ९६ माणसं, ८४ दिवस, आणि निष्कर्षाचा पल्ला १८ ते २५४ दिवस. ८४ दिवसांच्या अभ्यासात २५४ कुठून? तो आलेखाची रेघ पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. त्यातली कामाची गोष्ट वेगळीच होती, मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. आणि २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की जिमला जाणं, डाएट शोधणं हे वर्षारंभी वाढतं तसं महिन्याच्या आणि आठवड्याच्या सुरुवातीलाही वाढतं. म्हणजे १ जानेवारी हुकली तर सोमवार येतोच.

टाकलेलं कुठे जातं हा प्रश्न बराच काळ कुणी विचारला नाही. श्रीमंत देशांतले दान केलेले कपडे गठ्ठे बांधून परदेशी जातात, घानाच्या आक्रा शहरातला कांतामांतो बाजार त्यातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. १ जानेवारी २०२५ च्या रात्री तिथे आग लागली आणि बाजाराचा मोठा भाग जळाला, हजारो विक्रेत्यांचा माल गेला.

सध्या वारं दुरुस्तीकडे वळलंय. वस्तू घेऊन या आणि शेजारी बसून नीट करून घ्या अशी रिपेअर कॅफेची कल्पना ॲमस्टरडॅममध्ये २००९ ला सुरू झाली, फ्रान्समध्ये २०२३ च्या शेवटापासून कपडे-बूट दुरुस्तीच्या बिलात सूट मिळते, आणि युरोपियन युनियनने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, त्याची अंमलबजावणी ३१ जुलै २०२६ पासून. तारीख जुलैची निघाली हे मला बरं वाटलं, निदान याचा तरी जानेवारी सेल लागणार नाही.